आप्पांचा हौद

शॉवर बसवायचा की टब, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी मी लग्न केलं नाही यावरूनही झाली नव्हती. बाथरूम फोडणं तर भागच होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच बाथरूमच्या उंबऱ्यावर घसरले होते आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, की बाथरूम बदला, नाहीतर दुसऱ्या खुब्यासाठी पुन्हा इथेच याल. हे त्यांनी हसत हसत सांगितलं. मला त्या हसण्याचा राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता.

आमचं घर गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, एका जुन्या कॉलनीत. बैठं रो-हाउस. कॉलनीत सगळी आमचीच बौद्ध माणसं, बहुतेक कारकून आणि शिक्षक, आणि त्यांची मुलं आता परदेशी गेलेली. आप्पांनी नोकरीत असताना हे घर बांधलं. हॉल मोठा केला, स्वयंपाकघर मोठं केलं, आणि उरल्या तुकड्यात बाथरूम कोंबलं. तिथे बादली, तांब्या आणि आप्पा एवढंच मावायचं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे माझा आवाज घरातही चढाच असतो.

आप्पा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. पाटाचं पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचं, हे त्यांच्या हातात असायचं. कळवणपासून विंचूरपर्यंत कुठे कुठे बदल्या झाल्या. मोठमोठे बागाईतदार आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, साहेब तेवढं आमच्या पाळीचं बघा म्हणायचे. आप्पा आधी त्यांना प्यायला पाणी द्यायचे. आमच्या माठातलं, आमच्या पेल्यातून. समोरच्याने पेला रिकामा करेपर्यंत कामाचं बोलायचे नाहीत. मला लहानपणी वाटायचं, किती अगत्य आहे आपल्या बापाला.

घरातही पाण्याचा त्यांचा एक नियम होता. पेल्याला तोंड लावूनच पाणी प्यायचं. वर्गातल्या मैत्रिणींचं बघून मी एकदा तांब्या उंच धरून वरून पाणी प्यायले, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "आपल्या घरात असं कोणी पीत नाही." मला ते गावंढळ वाटलं होतं.

ऑपरेशननंतर त्यांचं डोकं कधी इथे असायचं, कधी भलतीकडेच. डॉक्टर म्हणाले, या वयात भूल दिल्यावर होतं असं, काहींचं सुधारतं, काहींचं नाही. पण आप्पांना भान असलं की त्यांचं एकच म्हणणं असायचं, माझी आंघोळ मला करू द्या. दुसऱ्याच्या हातून आंघोळ करून घेणं त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं. मदतीला एक माणूस ठेवला, त्याला त्यांनी साबण फेकून मारला. मग मीच टॉवेल गुंडाळून त्यांना खुर्चीवर बसवायचे आणि ओल्या फडक्याने पुसून काढायचे. ते डोळे मिटून घ्यायचे. मुलीसमोर असं बसावं लागतं, याची लाज त्यांच्या मिटल्या पापण्यांवर सुद्धा दिसायची. तेव्हा प्रश्न फरशीचा किंवा नळाचा नव्हताच. त्यांना त्यांच्या हाताने, त्यांच्या मनासारखी आंघोळ करता येईल अशी जागा करायची होती, आणि किती दिवस हातात आहेत ते कोणालाच माहीत नव्हतं.

माझा भाऊ पुण्यात असतो. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर त्याने. रोज मोबाईलवर फोटो यायचे. भिंतीला घडी होणारं आसन, पकडायला स्टीलच्या दांड्या, न घसरणारी फरशी, डोक्यावर ताटाएवढा शॉवर. "ताई, म्हाताऱ्या माणसांसाठी जगभर हेच करतात," असं तो म्हणायचा. जगभराचं मला माहीत नव्हतं, पण त्याचं म्हणणं मला पटत होतं. ऑपरेशन झालेल्या पायाने टबाचा काठ ओलांडणं म्हणजे पडायला आमंत्रण.

पण आप्पांना टब हवा होता. एका सकाळी डोकं अगदी जागेवर असताना त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं, "शॉवर नको. मला डोक्यावरून पाणी नको. टब घे. पाण्यात बसून आंघोळ करायची आहे मला."

मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही टबात चढणार कसे?"

"पाण्यात उतरायचं असतं गं," ते म्हणाले. "चढायचं नसतं."

मी हसले. पाणी वरून आलं काय आणि खालून आलं काय, आंघोळ ती आंघोळ, असं काहीतरी बोलले. ते गप्प झाले. आप्पा गप्प झाले की त्यांना पटलं असं आम्ही धरून चालायचो. आयुष्यभर आम्ही तेच केलं होतं.

तरी मी शोरूममध्ये जाऊन आले. तिथल्या पोरसवदा विक्रेत्याने मला कोरड्या टबात बसायलाच लावलं. साडी सावरत मी त्या पांढऱ्या पेटीत बसले आणि उठताना माझाच गुडघा कुरकुरला. बाहेर आले आणि शॉवर नक्की करून टाकला.

मिस्त्री कामाचा होता, तोंडाचाही होता. त्याने जुनी फरशी फोडली, उंबरा काढला, दांड्या बसवल्या. भावाने फोटो बघून शाबासकी दिली. सगळं वाळल्यावर एका रविवारी सकाळी मी आप्पांना आत नेलं. आसनावर बसवलं, धरायला दांडी दाखवली. हातात धरायचा छोटा शॉवरही होता, पण तो त्यांना धरवेना, म्हणून भिंतीवरचा सुरू केला. पाणी कोमट होतं, मी दोनदा हात लावून पाहिलं होतं.

डोक्यावर पाणी पडलं तशी आप्पांनी मान खाली घातली. दोन्ही हात जवळ आणले आणि ओंजळ केली. ती ओंजळ तोंडाशी नेली, कोपरं वर उचलली, आणि पाणी प्यायला लागले. डोक्यावरून निथळणारं पाणी. मी ओरडले, की आप्पा, पिऊ नका ते. त्यांनी ओंजळ तशीच ठेवून वर पाहिलं. माझ्याकडे नाही, शॉवरकडे. आणि ज्या भाषेत त्यांना मी कधी बोलताना ऐकलं नव्हतं, त्या भाषेत म्हणाले, "पानी वाढा ओ माय. लय येळ झाला."

मी घाबरून नळ बंद केला. तेव्हा ते अंग चोरून भिंतीला टेकले आणि म्हणाले, "नाय शिवत. लांबच हाय मी."

आयुष्यात मला इतकी लाज कधीच वाटली नाही. कोणाची, ते नीट सांगता येणार नाही. मी त्यांना पुसलं, कपडे घातले, चहा दिला. चहा मात्र ते कपाला तोंड लावून प्यायले आणि मला माझ्या नावाने हाक मारून विचारलं, की साखर संपली का.

दुपारी मी आत्याला फोन केला. आत्या आप्पांची धाकटी बहीण, अजून विंचूरकडच्या आमच्या गावातच राहते. मी झालेलं सांगितलं.  ती म्हणाली, की तुला माहीत नव्हतं का? मला माहीत होतं, आणि नव्हतंही. पुस्तकात वाचलेलं होतं, विहारातल्या भाषणांत ऐकलेलं होतं. आमच्या घरात कोणी बोललं नव्हतं.

आत्याने सांगितलं ते असं. गावात पाण्याला बारव होती, खाली उतरायला दगडी पायऱ्या असलेली मोठी विहीर. आमच्या लोकांनी तिच्या पायरीला पाय लावायचा नाही. बाहेर, खालच्या अंगाला मडकं घेऊन उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला विनवायचं. तिला दया आली तर ती तिच्या घागरीतून वरून ओतायची, मडक्याला घागर लागू न देता. नाही आली तर उभं राहायचं. मोठ्या माणसांपेक्षा पोराची दया लवकर येते म्हणून घरचे आप्पांनाच पाठवायचे. तहान लागली तर ओंजळ धरायची. "माझा भाऊ तासन्‌तास हुबा राह्याचा," आत्या म्हणाली. "आन् त्याला पान्यात उतरायचं लय याड व्हतं. सपनात बी पवायचा तो."

मग मला ओट्यावर बसलेले बागाईतदार आठवले, आणि त्यांच्या हातात आप्पांनी दिलेले पेले. ते अगत्य नव्हतं तर.

मी फोन ठेवला आणि लगेच भावाला सांगून टाकलं, की टब होणार. तो म्हणाला, नुकतंच बांधलेलं पुन्हा फोडायचं? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मी म्हटलं, नाही.

पण विकतचा टब नको होता, त्याचा काठ उंच. आमचं घर जमिनीवर, खाली कोणी राहत नाही. मी मिस्त्रीला विचारलं, की जमीन खोदून खालीच हौद करता येईल का, म्हणजे माणसाला आत चढावं लागणार नाही, उतरता येईल. तो खूश झाला. बाजूची सामानाची खोली पाडून जागा वाढवली. विटांचा हौद बांधला, आतून फरशी लावली, एका बाजूने रुंद पायऱ्या काढल्या, दोन्ही हातांना दांड्या. पायऱ्यांना त्याने काळा दगड बसवला, खरबरीत, पाय न सरकणारा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्या पायऱ्यांची उंची बघून मान डोलावली आणि आप्पांकडून तेवढ्याच उंचीवर चढ-उतर करून घ्यायला सुरुवात केली. मीच मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून सगळं करून घेतलं. आप्पांनी म्हटलं होतं ना, उतरायचं असतं. मग उतरायलाच पायऱ्या केल्या. एवढं डोकं लावून मी काय बांधते आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही.

ज्या दिवशी हौद पहिल्यांदा भरला त्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली. गिझरचं पाणी पुरेना म्हणून गॅसवर पातेली चढवली. पाणी कमरेएवढं आलं. खिडकीतून ऊन आत पडलं होतं आणि पाण्याचा तळ स्वच्छ दिसत होता. मी आप्पांना चड्डी-बनियनवर आत आणलं. ते सकाळपासून बरे होते, पेपर वाचला होता, भाजीत मीठ जास्त आहे म्हणून मला बोलले होते. वॉकर घेऊन ते पहिल्या पायरीशी आले.

आणि तिथेच थांबले. खाली बघत राहिले. काळ्या दगडाच्या पायऱ्या, आणि खाली हलणारं पाणी. मी म्हटलं, उतरा आप्पा, मी धरते. त्यांनी माझा हात घट्ट पकडला. 

"नाय," ते म्हणाले. "मी नाय उतरत. पुन्यांदा आबाला मारतीन."

मी म्हटलं, कोणी नाही मारत, आप्पा, घर आपलं आहे, नळ तुमच्या नावावर आहे. सगळं सांगितलं. ते मागे सरले आणि वॉकर पायरीवर आपटला. त्या आवाजानेही दचकले. दाराकडे बघून म्हणाले, "मी पाय नाय लावला. म्या नुस्तं पाह्यलं."

त्यांना पलंगावर नेऊन निजवलं आणि मी पुन्हा आत्याला फोन केला. या वेळी आवाज चढवून विचारलं, अजून काय आहे जे मला कोणी सांगितलं नाही? आत्या रडायला लागली. आप्पा लहान असताना भर उन्हात, कोणी नाही बघून, एकदा बारवेत उतरले होते. गुडघाभर पाण्यात उभे होते. एका बाईने वरून पाहिलं. ते पोर होते म्हणून त्यांना सोडलं. आमच्या आजोबांना, आबांना, चावडीपुढे आणून मारलं आणि आप्पांना समोर उभं करून बघायला लावलं. मग बारव उपसली, आणि उपसून होईपर्यंत आमच्या वस्तीला कोणी थेंब वाढला नाही. आबा त्यानंतर एका कानाने बहिरे झाले. मी आबांना पाहिलेलं आहे. तो कान तापात गेला असं आम्हांला सांगितलेलं होतं.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"त्यानं शपथ घातली व्हती," आत्या म्हणाली. "पोरांना सांगू नको म्हनला. पोरं मान वर करून पानी पितीन, म्हनला."

आगीतून निघून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. शॉवरखाली ते बारवेच्या बाहेर उभे होते, आणि हौद बांधून मी त्यांना बारवेत ढकलत होते. पायऱ्या सुद्धा काळ्या दगडाच्या. मिस्त्री किती खूश होता त्या दगडावर. मला हातोडा घेऊन सगळं फोडावंसं वाटलं, आणि त्या गावात जाऊन कोणाचं तरी दार वाजवावंसं वाटलं. पण ज्यांचं दार वाजवायचं ती माणसं कधीच मेली असतील, आणि त्यांची नातवंडं कदाचित माझ्याच शाळेत शिकून गेली असतील.

पुढचे काही दिवस पुन्हा ओलं फडकं. आप्पा पुन्हा डोळे मिटायचे. भाऊ फोनवर म्हणाला, मी सांगत होतो तुला. मी त्याला आत्याने सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यानंतर त्याने फोटो पाठवले नाहीत.

मग एका सकाळी मला वाटलं, त्यांना एकदा दिसू दे. आपलं माणूस पाण्यात उतरतं आणि त्याला कोणी काही करत नाही, एवढं फक्त दिसू दे. मी हौद भरला. आप्पांना वॉकरसह दाराजवळ उभं केलं, पाठीशी खुर्ची ठेवली. आणि अंगावरच्या सलवार-कमीजसकट पायऱ्या उतरून पाण्यात बसले. पाणी गळ्यापर्यंत आलं. ओढणी वर तरंगत होती.

"बघा आप्पा," मी म्हटलं. "काही होत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर आधी भीती होती, ती मला ओळखता आली. मग दुसरं काहीतरी आलं. मी कोण आहे हे त्या वेळी त्यांना माहीत होतं की नाही, मला अजून माहीत नाही. मुलगी असेन, बहीण असेन, नाहीतर वस्तीतली कोणीतरी पोर असेन. मला वाटलं, आता एक पाय टाकतील. मी हात पुढे केला.

त्यांनी माझा हात घेतला नाही. वॉकर उचलून, सावकाश, व्यायामाच्या बाईंनी शिकवल्यासारखं वळले आणि माझ्याकडे पाठ केली. दार थोडं किलकिलं केलं, फटीतून बाहेर हॉलकडे नजर लावली. त्यांचे पाय थरथरत होते, पण खुर्चीवर बसले नाहीत.

"कर तू आंघोळ," ते हळू आवाजात म्हणाले. "म्या बघतो कोन येतं का."

मला रडू फुटलं. तोंडावर ओला हात दाबून धरला, कारण आवाज झाला असता तर ते घाबरले असते. थोड्या वेळाने मी म्हटलं, आप्पा, झालं माझं, बसा तुम्ही आता. त्यांनी मान वळवली नाही.

"कर सावकाश," ते म्हणाले. "कोन नाय आलं अजून."

पाणी गार होत गेलं. मी बसून राहिले आणि ते दाराशी उभे राहिले.